फुकट आलेल्या सॅम्पलवर ड्युटी कशाची?

पत्र थोडं छोटं करून देते:

'ताई, मी आणि माझी जाऊ मिळून तयार कपड्यांचा छोटा धंदा करतो. परदेशातल्या एका मिलकडून कापड घ्यायचं बोलणं चाललंय, त्यांनी कुरिअरने सॅम्पल्स पाठवली. रिंगमध्ये ओवलेले साठेक स्वॅच (कापडाचे छोटे नमुने), चार कापडांचे तीन-तीन मीटरचे तुकडे, आणि दोन डिझाइनची जॅकेट्स एस, एम, एल अशी मिळून सहा. सगळं फुकट, इन्व्हॉइसवर किंमत शून्य आणि खाली नो कमर्शियल व्हॅल्यू असं छापलेलं. तरी कस्टम्सने अडवलंय आणि कुरिअरवाले ड्युटी भरा म्हणतात. फुकटच्या मालावर ड्युटी कशाची? दीर म्हणतात मिलकडून नवीन इन्व्हॉइस मागव, गिफ्ट लिहून, नाहीतर नगाला एक डॉलर टाकून. जाऊ म्हणते परत पाठवून देऊ. पुढच्या महिन्यात मिलचा माणूस चाळीसेक कपडे सुटकेसमध्ये घेऊन येणार आहे, त्याचंही असंच होईल का? हे तीन-तीन मीटर शिवून विकले तर चालतील ना, आणि जॅकेट बघून आमच्या कारागिरांकडून तसंच शिवून घ्यायचा विचार आहे. कॅटलॉग मागवला तर त्यावरही पैसे भरायचे का?'

ताई, सगळ्यात आधी दिरांना थांबवा. बाकीचं सावकाश बघू, पण मिलला 'गिफ्ट लिहून पाठवा' असा मेल गेला नसेल तर जाऊ देऊ नका, गेला असेल तर लगेच दुसरा मेल टाकून ते मागे घ्या. गिफ्टची सवलत माणसाने माणसाला पाठवलेल्या वस्तूसाठी असते, तुमच्या पार्सलवर पाठवणारी मिल, घेणारी तुमची फर्म, आत स्वॅचची रिंग, ते बघून कुठला ऑफिसर गिफ्ट मानेल? आणि तेच पार्सल आधी 'सॅम्पल, शून्य' म्हणून आलंय आणि आता 'गिफ्ट' झालंय हे दोन्ही कागद एकाच फाइलला लागणार. आत्ता तुमच्याकडून फक्त अपुरी माहिती गेलीय, ती सुधारता येते. खोटी माहिती गेली की मामला दंडावर जातो, आणि नंतरची पार्सलंही उघडून बघितली जातात ते वेगळंच.

आता तुमचा मुख्य प्रश्न. फुकट आलं म्हणजे किंमत शून्य, हे आपल्याला सरळ वाटतं पण कस्टम्सचा हिशोब तसा चालतच नाही. तुम्ही मिलला किती पैसे दिले हा एक प्रश्न आणि त्या कापडाची किंमत काय हा दुसरा, आणि ड्युटी दुसऱ्याच्या उत्तरावर बसते. जागतिक व्यापार संघटनेचा किंमत ठरवण्याचा करार आहे, गॅट १९९४ या जकात आणि व्यापाराच्या कराराच्या कलम ७ वरचा, सदस्य देशांचे कस्टम्स त्यावरच चालतात. त्यात पहिली पद्धत म्हणजे खरेदी-विक्रीत खरोखर दिलेली किंमत. फुकट सॅम्पलमध्ये विक्रीच झालेली नाही, म्हणजे ती पद्धत लागूच होत नाही, मग ऑफिसर पुढच्या पद्धतींवर जातो, तसाच माल दुसऱ्या कुणी कितीला आणला, तसा नसेल तर त्याच्यासारखा माल कितीला आला, तेही मिळालं नाही तर इथल्या विक्रीच्या किमतीवरून मागे यायचं किंवा बनवायचा खर्च धरून वर जायचं, आणि काहीच जमलं नाही तर याच पद्धती जरा सैल करून. तुमच्या इन्व्हॉइसवर शून्य म्हणजे तुम्ही त्याला काहीच मदत केली नाहीत, आता तो स्वतः आकडा काढणार, आणि तो तुमच्या फायद्याचा निघेलच असं नाही. मनाला येईल तो आकडा किंवा सरकारने ठरवलेली किमान किंमत लावायला त्याच करारात मनाई आहे, म्हणजे बोलायला जागा आहे, पण बोलायला तुमच्या हातात मिलची प्राइस लिस्ट तरी हवी ना.

शिवाय एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच देशांत ड्युटीसाठीच्या किमतीत वाहतूक आणि विमासुद्धा धरतात, युरोपियन युनियन आणि भारतात धरतात, अमेरिकेत परदेशातून तिथवरचं भाडं धरत नाहीत. विमानाने आलेल्या कुरिअरचं भाडं आतल्या कापडापेक्षा जास्त असणं यात काही नवल नाही, मग वाटतं एवढ्याशा तुकड्यांवर एवढी ड्युटी कशी. तेव्हा कुरिअरकडून रकमेचा ब्रेकअप मागा. मूळ ड्युटी किती, त्यावरचा जीएसटी किंवा व्हॅट किती, आणि कुरिअर कंपनीने तुमच्या वतीने पैसे भरल्याची आणि क्लिअरन्सची त्यांची स्वतःची फी किती. ही फी सरकारची नसते, आणि छोट्या पार्सलला कधीकधी तीच सगळ्यात मोठी निघते. लोक कस्टम्सच्या नावाने बोटं मोडतात आणि बिल असतं कुरिअरचं.

बरं, मग सॅम्पलला सवलत असते म्हणतात ती कुठे गेली? आहे ना. १९५२ सालचा जिनिव्हाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, व्यापारी सॅम्पल्स आणि जाहिरातीचं साहित्य सोपेपणाने आत यावं म्हणून केलेला, आणि आजही वेगवेगळ्या देशांचे नियम वाचले की त्याचीच भाषा दिसते. तुम्ही कुठून लिहिताय ते पत्रात नाही, आणि वाचणारेही सगळीकडचे आहेत, म्हणून मी त्या समान सांगाड्याबद्दलच बोलते, तुमच्या देशातली नेमकी मर्यादा कस्टम्सची कामं करणाऱ्या तुमच्या ब्रोकरकडून त्यावर बसवून घ्या. त्या करारात सॅम्पल दोन प्रकारे आत येतं. एक, नगण्य किमतीचं सॅम्पल, ते ड्युटीशिवाय येतं आणि परत पाठवावं लागत नाही. दोन, किमती सॅम्पल, ते तात्पुरतं येतं, दाखवून झालं की परत जातं. पहिल्या प्रकाराला कस्टम्स एक अट घालू शकतं, की माल म्हणून ते निकामी केलेलं असावं, शिक्का मारून, फाडून, भोक पाडून किंवा आणखी कसं, पण सॅम्पल म्हणून त्याचा उपयोग राहील इतपतच. सगळी गोम इथे आहे. ऑफिसरला तुम्ही पैसे दिलेत का यात फारसा रस नाही, त्याला बघायचंय की ही वस्तू उद्या दुकानात विकता येईल का किंवा कुणाला अंगात घालता येईल का. येत असेल तर त्याच्या लेखी तो माल आहे, मग इन्व्हॉइसवर सॅम्पल असं दहा वेळा लिहिलेलं असो.

आता तुमचंच पार्सल या नजरेने उघडा. साठ स्वॅच, दातेरी कात्रीने कापलेले, वर छिद्र पाडून रिंगेत ओवलेले, पाठीमागे आर्टिकल नंबरचं लेबल. त्याचा रुमालही होणार नाही. यावर सवलत मागायला तुमची बाजू भक्कम आहे. तीन मीटरचा तुकडा मात्र पूर्ण पन्ह्याचा, स्वच्छ, कुठे डाग नाही, त्यात एक शर्ट सहज बसतो. आणि जॅकेट्स तर तयार, वर एकाच डिझाइनच्या तीन साइज. सॅम्पल बघायला एक पुरतं, तीन साइज आल्या की ऑफिसरला स्टॉक दिसतो. त्या करारातही म्हटलंय की एकाच माणसाला एकसारख्या वस्तू इतक्या पाठवल्या की व्यापाराच्या रिवाजात त्यांना सॅम्पल म्हणता येणार नाही, तर त्या सॅम्पल धरायच्या नाहीत. युरोपियन युनियनच्या २००९ च्या नियमात, ११८६ नंबरच्या, सॅम्पलची व्याख्याच अशी आहे की मांडणी आणि संख्या बघता ऑर्डर मिळवण्याशिवाय दुसऱ्या कशालाच वापरता येणार नाही अशी वस्तू.

दिरांचा एक डॉलर कुठून आला असेल तेही सांगते. अमेरिकेच्या टॅरिफमध्ये, म्हणजे ड्युटीच्या दरांच्या यादीत, ९८११.००.६० अशी एक नोंद आहे, त्यात ज्याची किंमत नगाला एक डॉलरपेक्षा जास्त नाही असं सॅम्पल, किंवा शिक्का मारून, फाडून, भोक पाडून सॅम्पलशिवाय इतर कामाला निरुपयोगी केलेलं सॅम्पल, ड्युटीशिवाय येतं. यातला 'किंवा' लोक विसरतात आणि एक डॉलर तेवढा लक्षात ठेवतात, मग जगात कुठेही पाठवायचं असो, जॅकेट असो की बटण, नगाला एक डॉलर टाकून मोकळे. नियम म्हणतो खरी किंमत एक डॉलरच्या आत असेल तर, एक डॉलर लिहा असं नाही म्हणत. अस्तर लावलेलं, झिप लावलेलं जॅकेट एक डॉलरचं कुणाला पटेल? आणि पुढे तुम्ही याच मिलकडून तेच जॅकेट खऱ्या किमतीला मागवाल तेव्हा आधीचं एक डॉलरचं इन्व्हॉइस तुमच्याच नावावर सिस्टीममध्ये बसलेलं असेल.

म्हणून जे महाग आहे ते निकामी करून मागवायचं, आणि ते मिलकडूनच करून यायला हवं, पार्सल निघायच्या आधी. हे कसं करायचं ते मिललाही नीट सांगावं लागतं, नाहीतर ते तुकड्याच्या कोपऱ्यात, काठाला लागून, एक छोटासा शिक्का मारतात. तेवढी पट्टी कापून टाकली की उरलेलं पावणेतीन मीटर कोरं. शिक्का पन्ह्याच्या मधोमध हवा आणि दर हात-दीड हातावर पुन्हा हवा, म्हणजे कुठूनही कापलं तरी मधे येतोच, किंवा मधोमध तिरका लांब काप द्यायचा. कपड्यावर 'सॅम्पल' हा शब्द बाहेरच्या बाजूने, पाठीवर किंवा छातीवर, सहज दिसेल असा, न धुतली जाणाऱ्या शाईने आणि कापडाच्या रंगावर उठून दिसेल अशा रंगात. अमेरिकेत जाणाऱ्या कपड्यांना अक्षर निदान एक इंच उंच ठेवतात, ते माप कुठेही धरायला हरकत नाही. अस्तराच्या आत मारलेला शिक्का, गळ्याला लटकवलेला टॅग, खडूची खूण, काळ्यावर काळी शाई, हे सगळं नसल्यात जमा. काप देतानाही शिवणीवर देऊ नये, कारण शिवण पाच मिनिटांत परत घालता येते आणि हे त्या टेबलावर बसलेल्या माणसाला तुमच्याइतकंच माहीत असतं.

पण सॅम्पलचं सॅम्पलपण जाऊ देऊ नका. जॅकेटची कॉलर कशी बसते हे बघायचं असेल तर काप पाठीला द्यायला सांगा, प्रिंट बघायची असेल तर डिझाइनचं एक पूर्ण रिपीट मोकळं सोडून शिक्का मारायला सांगा. आणि ज्या तुकड्याची धुलाई, आटण, रंग उतरतो का अशी टेस्ट करायची आहे तो कोराच लागणार, तर त्यावर सरळ ड्युटी भरा, तीन मीटर कापडावर असं काय मोठं आभाळ कोसळतं. युरोपियन युनियनमध्ये तपासणी आणि टेस्टसाठी आणलेल्या मालाला वेगळी सवलत आहे, पण त्यात तो माल टेस्टमध्ये पुरता संपला किंवा नष्ट केला हे दाखवावं लागतं, तुमच्या एवढ्या धंद्याला तो कागदी व्याप परवडेल असं मला तरी वाटत नाही.

आता तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात ते, जॅकेट बघून कारागिरांकडून तसंच शिवून घेणार. हे महत्त्वाचं आहे. सॅम्पलच्या सवलतीमागे गृहीत असं धरलेलं असतं की ते सॅम्पल दाखवून परदेशातल्या मालाची ऑर्डर मिळवायची आहे. अमेरिकेच्या नोंदीत तर हे उघड लिहिलंय, परदेशी मालाच्या ऑर्डर मिळवण्यासाठीच वापर. तुम्ही मिलचं कापड घेणार आहात तर कापडाची सॅम्पल्स त्यात बसतात. जॅकेट मात्र तुम्ही मिलकडून घेणारच नाही, त्याचा पॅटर्न उचलणार आहात, मग ते ऑर्डर मिळवायचं सॅम्पल कसं? त्यावर सवलत मागू नका. दुसऱ्याचं डिझाइन उचलण्याबद्दल मिलशी काय बोलणं झालंय ते तुम्हाला माहीत, पण ते बोलणं व्हायला हवं एवढं म्हणते आणि पुढे जाते.

सध्या अडकलेल्या पार्सलचं काय करायचं? परत पाठवू नका, परतीचं भाडं ड्युटीपेक्षा जड जाईल. फोनवर वाद घालण्यापेक्षा कुरिअरला मेल करा आणि कस्टम्सची क्वेरी नेमकी काय आहे ते लेखी मागा, किमतीची आहे की वर्णनाची की सवलत नाकारलीय. लवकर करा, कारण माल ठेवायचे मोफत दिवस संपले की गोदामाचं भाडं चालू होतं. मिलकडून दुरुस्त इन्व्हॉइस मागवा, त्यात प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ आणि खरी किंमत, आणि खाली एक वाक्य की माल विनामूल्य आहे, पैसे देणं-घेणं नाही, किंमत फक्त कस्टम्ससाठी दिली आहे. हे वाक्य आणि आकडा दोन्ही एकत्र हवेत. नुसतं नो कमर्शियल व्हॅल्यू आणि शून्य यानेच तर तुमचं पार्सल अडकलं. सोबत मिलची प्राइस लिस्ट आणि सॅम्पल मागवल्याचा तुमचा मेल जोडा. स्वॅचवर सवलत मागा, कापड आणि जॅकेट्सवर ड्युटी भरायची तयारी दाखवा. सगळ्यावर सवलत मागत बसलात तर स्वॅचही त्यातच अडकून राहतील.

वर्णनाचंही एकदा बघून घ्या. 'फॅब्रिक सॅम्पल, ४ नग' यावरून कुणालाच काही कळत नाही. कापडाचं टॅरिफ धाग्यावर आणि विणीवर चालतं, एचएस कोड म्हणजे जगभर मालाच्या वर्गवारीला वापरतात ते आकडे, त्यातले ५० ते ६३ हे चॅप्टर सगळे कापड आणि कपड्यांचेच, ५० रेशमाचा, ५१ लोकरीचा, ५२ सुताचा, ६१ मध्ये निटेड कपडे, ६२ मध्ये निटेड नसलेले. मिक्स कापड असेल तर साधारण ज्या धाग्याचं वजन जास्त तिकडे जातं, म्हणजे साठ टक्के पॉलिएस्टर आणि चाळीस टक्के कॉटन असलेलं कापड तुम्ही दुकानात कॉटन म्हणून विकाल पण कस्टम्सकडे ते पॉलिएस्टरच्या घरात जाणार. सुती कापडातही, ८५ टक्के किंवा जास्त सूत असेल तर, २०० जीएसएमची (चौरस मीटरला इतके ग्रॅम) रेघ आहे, त्याच्यापर्यंत ५२०८ आणि त्याच्यावर ५२०९. तेव्हा ओळ अशी हवी: विणलेलं कापड, १०० टक्के सुती, डाइड, प्लेन वीव्ह, १४० जीएसएम, पन्हा १५० सेंटिमीटर, ३ मीटर, 'सॅम्पल' असा शिक्का मारलेलं, विक्रीसाठी नाही. एवढी ओळ वाचली की ऑफिसरला पार्सल उघडायची गरजच वाटणार नाही, निदान वाटायची शक्यता कमी.

शिवून विकायचं म्हणाल तर ज्यावर ड्युटी भरलीत ते तुमचं, शिवा, विका, काय हवं ते करा. ज्यावर सवलत घेतली ते विकायचं नाही, आणि प्रदर्शनात मांडलंत तर फक्त दाखवायला. कापड तेच असतं पण कागद वेगळा असतो, म्हणून कुठला तुकडा कुठल्या बिल ऑफ एंट्रीवर (आयातीच्या नोंदीच्या कागदावर) आला ते त्याच्याच पिशवीवर लिहून ठेवा.

आणि सॅम्पल आहे म्हणून सगळंच आणता येतं असंही नाही. सवलत ड्युटीची असते, बंदीची नसते. शाहतूशचा हातभर तुकडा असला तरी तो चिरू नावाच्या तिबेटी हरणाची लोकर आहे, हा प्राणी वन्यजीव व्यापाराच्या साइट्स कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे, म्हणजे व्यापारासाठी आणणं बंद, शिक्का मारा नाहीतर भोक पाडा. तुमच्या यादीत तसलं काही नाही, पण लोकरीच्या शालींचे स्वॅच मागवणारे बरेच जण हे वाचतील म्हणून लिहिलं.

मिलच्या माणसाच्या सुटकेसची गोष्ट निराळी. चाळीस कपडे, चांगल्या अवस्थेतले, दाखवायचे आणि परत न्यायचे, हा वर सांगितलेला दुसरा प्रकार. यासाठी एटीए कार्ने असतं, १९६१ च्या करारातून आलेलं, मालाचा पासपोर्टच म्हणा. ते मिलच्या माणसाने त्याच्या देशातून, तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या अधिकृत संस्थेकडून काढायचं, तुम्ही नाही. जास्तीत जास्त एक वर्ष चालतं, एकदा काढलं की त्यावर अनेक देश करता येतात, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं डिपॉझिट भरावं लागत नाही कारण ती संस्था हमी देते. आत सगळ्या वस्तूंची एक यादी असते, कार्ने निघाल्यावर तिच्यात नवीन काही घुसवता येत नाही, तेव्हा 'अजून दोन पीस टाकतो' हे विमानतळावर जाताना चालणार नाही. यादीतला नंबर कपड्याच्या लेबलवर पण असावा, 'निळा शर्ट' अशा सात ओळी असतील तर कुठला कुठला हे कोण ओळखणार.

सगळ्यात जास्त घोळ परत जाताना होतो. आत येताना सगळे शिक्का घेतात, कारण अडवतात. जाताना फ्लाइटची घाई, कस्टम्सचं काउंटर लांब, कुणी अडवत नाही, माणूस तसाच निघून जातो, आणि काही महिन्यांनी त्या संस्थेकडे क्लेम येतो की माल बाहेर गेल्याची नोंद नाही, ड्युटी द्या. म्हणून त्याला सांगा की आत येताना रेड चॅनेल (ज्यांना माल जाहीर करायचाय त्यांची वाट), आणि जाताना चेक-इनला सुटकेस द्यायच्या आधी कस्टम्सचा शिक्का. आणि तुम्ही दोघींनी मोह आवरा, त्यातला एक पीस आवडला म्हणून ठेवून घेतलात तर तो बाहेर गेला नाही असाच हिशोब होतो आणि पैसे त्याच्या मिलकडून वसूल होतात. आवडला तर फोटो काढा, आर्टिकल नंबर घ्या, वेगळा मागवा. वाटायची, खपून जाणारी किंवा विकायची वस्तू कार्नेवर चालत नाही.

दोघांपैकी एक देश कार्ने मानत नसेल तर तात्पुरत्या आयातीसाठी बाँड किंवा डिपॉझिट, माल परत गेला की ते सुटतं. १९५२ च्या करारात हे डिपॉझिट ड्युटीच्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त घेऊ नये आणि परत न्यायला निदान सहा महिने द्यावेत असं ठरलंय. आणि हे काहीच न करता ग्रीन चॅनेलने, म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नाही या वाटेने, चाळीस कपडे घेऊन निघायचा सल्ला त्याला कुणी दिला, की माझेच कपडे आहेत म्हणून सांग, तर सगळे एकाच मापाचे, टॅग लावलेले, पिनांसकट घडी घातलेले कपडे बघून कुणीही ओळखेल.

'एकेक तुकडा वेगवेगळ्या पार्सलने मागवू का' असं तुम्ही विचारलं नाहीत पण दीर विचारतील. मिलने दहा वेगवेगळ्या ग्राहकांना दहा पाकिटं पाठवली तर त्यांच्या किमती एकत्र करू नयेत असं १९५२ च्या करारात आहे, पण एकाच नावावर दर आठवड्याला येणारं पार्सल हे निराळं, ते मोजलं जातं, शिवाय प्रत्येक पार्सलवर कुरिअरची ती फी पुन्हा लागते.

कॅटलॉगची काळजी करू नका. परदेशातल्या कंपनीचा माल विकत घ्या असं सांगणारा कॅटलॉग, प्राइस लिस्ट, हे त्याच १९५२ च्या करारात ड्युटीमुक्त धरलंय, एकच कागद असेल, किंवा अनेक असतील पण प्रत्येकाची एकच प्रत असेल, किंवा सगळं मिळून वजन एक किलोच्या आत असेल तर. फक्त छापील कॅटलॉग वेगळा आणि कापडाचे तुकडे चिकटवलेलं जाड शेड बुक वेगळं, दुसऱ्यावर ऑफिसर कापड म्हणून बोट ठेवू शकतो, तेव्हा त्याची इन्व्हॉइसवर ओळ स्वतंत्र ठेवा. निव्वळ रंग आणि डिझाइन बघायचं असेल तर पीडीएफ मागवा.

आणि पुढचं पार्सल निघायच्या आधी मिलशी एवढं ठरवून घ्या की ड्युटी कोण भरणार. व्यवहाराच्या अटीत डीडीपी (डिलिव्हर्ड ड्युटी पेड) असेल तर ते भरतात, डीएपी (डिलिव्हर्ड अॅट प्लेस) असेल तर तुम्ही, आणि काहीच लिहिलं नसेल तर कुरिअरवाला ज्याच्या दारात पार्सल येतं त्याच्याकडे हात पसरतो. ऑर्डर द्यायला तुम्ही तयार आहात हे त्यांना दिसतंय, तर सॅम्पलपुरतं डीडीपी मागायला लाजू नका, बऱ्याच मिल तयार होतात. कापड तीन मीटरऐवजी एकच मीटर मागवा, टेस्टचा तेवढा तुकडा कोरा आणि बाकीच्यांवर शिक्का. जॅकेट हवंच असेल तर प्रत्येक डिझाइनचं एकच, एम साइजचं, ते पॅटर्नसाठी आहे हे मिलला सांगून आणि इन्व्हॉइसवर पूर्ण किंमत लावून.